पेल्यातली रेघ

९ फेब्रुवारी, सोमवार

हिला आज घरी आणलं. ऑपरेशन गुरुवारी झालं. छातीची डावी बाजू काढली, काखेतल्या गाठीही काढल्या. डॉक्टरांच्या कागदावर त्याचं नाव आहे. मी ते इथे लिहीत नाही.

टाके दोऱ्याचे नाहीत. बारीक पोलादी पिना आहेत, कागदांना मारतात तशा. एकूण सव्वीस. काखेखालून एक नळी बाहेर आली आहे आणि तिच्या टोकाला मोसंबीएवढा रबरी फुगा. आतलं पाणी त्यात साठतं. फुगा रोज सकाळ-संध्याकाळ रिकामा करायचा, पाणी मापाच्या पेल्यात ओतून मोजायचं, आकडा लिहून ठेवायचा. दिवसाची बेरीज सलग दोन दिवस तीस मिलिलिटरच्या खाली आली की नळी काढतात. हे सगळं ड्रेसिंगवाल्या सिस्टरनी मला दोनदा सांगितलं. हिला सांगायला गेल्या तर हिने भिंतीकडे तोंड केलं.

मोजणं आणि लिहिणं माझ्याकडे आलं, हे बरं झालं. बाकी मला काय येतं? एकतीस वर्षं घरोघर जाऊन पाण्याचे मीटर वाचले. निवृत्त झाल्यावर ही डायरी कोणी तरी भेट दिली होती, ती कोरीच पडली होती. आजपासून कामाला लागली.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी ६५, संध्याकाळी ५०. एकूण ११५. रंग लाल.

पद्धत बसवली. हातमोजे घालायचे. नळी दोन बोटांत धरून वरून खाली निपटायची, म्हणजे आतल्या गुठळ्या सरकतात. बूच उघडून फुगा पेल्यात रिता करायचा. मग फुगा मुठीत चपटा दाबून, दाबलेलाच ठेवून बूच लावायचं. पहिलीच वेळ होती. ही म्हणाली, "अहो, तुम्ही श्वास तरी घ्या." मी श्वास धरून ठेवला होता हे मला कळलंच नव्हतं.

पेला मी लगेच वाचत नाही. काटा स्थिर झाल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, ही नोकरीतली सवय. पेला खिडकीच्या कठड्यावर ठेवतो, हात धुऊन, चष्मा पुसून येतो. तोवर फेस बसतो.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

एकूण १०५. लाल.

ठमीचा फोन आला. ठमी म्हणजे आमची मुलगी, दूर परगावी असते. तिकडे तिला सातवा महिना आहे आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केला आहे. तिने विचारलं, "बाबा, तुम्हाला झेपतंय ना?" मी म्हटलं, बेरीज-वजाबाकी करायची आहे, डोंगर उचलायचा नाही. मग हिने फोन घेतला आणि नेहमीच्या आवाजात बोलली. ही टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. आवाज कसा ठेवायचा हे हिला कोणी शिकवायला नको. फोन ठेवला आणि अर्धा तास रडली. मी पलंगाच्या कडेला उभा होतो. कुठे हात ठेवावा कळेना. डावीकडे ठेवता येत नाही, उजवीकडे ही कुशीवर वळलेली. शेवटी पायावर ठेवला.

१४ फेब्रुवारी, शनिवार

एकूण ८५. रंग फिकट होत चालला आहे. सिस्टर म्हणाल्या होत्या तसंच: आधी लाल, मग गुलाबी, मग पिवळट.

स्वयंपाकघरातला बल्ब बदलला. महिन्यात दुसऱ्यांदा. हल्लीचे बल्ब नावाला उजेड देतात. पेपरवाल्यांनीही शाई पातळ केली आहे. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तर दर दिव्याभोवती रंगीत कडं दिसत होतं, स्वस्तातला माल असणार. हिला सांगितलं तर म्हणाली, सगळं जग तुमच्यावर उठलंय. पाच दिवसांत पहिल्यांदा थट्टा केली. जीव भांड्यात पडला.

सूप केलं. खारट झालं. हिने संपवलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

एकूण ६०.

हिने अजून स्वतःची जखम पाहिलेली नाही. ड्रेसिंग बदलायला हॉस्पिटलात गेलो तेव्हाही डोळे मिटून होती. गाउनची बटणं मी लावतो, तेव्हा छताकडे बघते. तिथे काय आहे विचारलं तर म्हणाली, "कोळिष्टकं आहेत. तुम्हाला दिसत नाहीत का?" मला दिसली नाहीत.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

एकूण ४०. झपाट्याने उतरतं आहे.

वाचायलाही सोपं झालं. पूर्वी सगळाच पेला लाल असायचा. आता कठड्यावर ठेवला की तळाशी लाल थर बसतो आणि त्याची रेघ ठळक दिसते. वर पेला स्वच्छ.

उचलताना पेला हाताला जड लागला, पण हाताचा काय भरवसा. आकडा डोळ्यांनी वाचायचा असतो.

१८ फेब्रुवारी, बुधवार

एकूण २८. तीसच्या खाली. पहिला दिवस.

हिला सांगितलं तर माझा हात धरून म्हणाली, अजून एक दिवस. ही नळी हिच्या जिवावर आली आहे. कूस बदलता येत नाही, झोपताना फुगा गाउनला पिनेने अडकवावा लागतो. काल म्हणाली, मला कोणीतरी खुंटीला बांधून ठेवल्यासारखं वाटतं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

एकूण २५. दुसरा दिवस. उद्याची वेळ आहेच, तेव्हा पिना आणि नळी दोन्ही निघतील.

संध्याकाळी मी पेन आणायला आत गेलो होतो. आलो तर ही उठून बसली होती आणि कठड्यावरच्या पेल्याकडे बघत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. विचारलं, "किती?" सकाळचे बारा, आत्ताचे तेरा, मी म्हटलं. पंचवीस. ही माझ्या तोंडाकडे बघत राहिली. बराच वेळ. मग आडवी झाली आणि म्हणाली, "म्हणजे उद्या निघेल."

"निघणारच," मी म्हटलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

निघाली.

सिस्टरनी आधी सगळं समजावलं. पिना काढताना चिमटा बसल्यासारखं होईल, एखाद-दोन जास्त टोचतील. नळी काढताना आत काहीतरी सरकतंय असं वाटेल, दुखण्यापेक्षा विचित्र. त्या जागी नंतर दिवसभर थोडं ओलं राहील, घाबरायचं नाही. ही ऐकत होती. मनगट माझं धरलं होतं.

पिना काढायचं हत्यार छोट्या पकडीसारखं असतं. पिनेच्या मधोमध दाबलं की तिची दोन्ही टोकं आपोआप वर येतात. आधी एक सोडून एक काढल्या, जखम उकलत नाही याची खात्री केली, मग राहिलेल्या. प्रत्येक पिन स्टीलच्या ट्रेमध्ये टाकत होत्या. मी आवाजावरून मोजत होतो. पंचवीस झाल्या आणि सिस्टर हत्यार खाली ठेवायला लागल्या. मी म्हटलं, एक राहिली. त्यांनी पुन्हा पाहिलं. काखेच्या घडीत एक होती. म्हणाल्या, "काका, तुमच्यासारखा माणूस आमच्याकडे नोकरीला पाहिजे." खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

पिनांच्या जागी कागदी पट्ट्या लावल्या. मग नळी. तिचा टाका कापला. हिला सांगितलं, खोल श्वास घ्या, आता हळूहळू सोडा. ही श्वास सोडू लागली आणि सिस्टरनी ओढली. मी समजत होतो, आत वीतभर असेल. संपेचना. हातभर निघाली. हिने आवाज केला नाही, पण माझ्या मनगटावर चार नखं उमटली आहेत, अजून दिसतात.

डॉक्टरांनी माझी डायरी चाळली. चाळीसवरून एकदम अठ्ठावीस, म्हणाले, छान. ही तेव्हा खिडकीबाहेर बघत होती.

काखेतल्या गाठींचा रिपोर्टही त्यांनी सांगितला. चौदापैकी तीनमध्ये आजार आहे. ६ मार्चपासून इंजेक्शनं सुरू करायची, जखम कोरडी आणि भरलेली असेल तरच. उशीर नको, म्हणाले. मी तारीख लिहून घेतली. तीन म्हणजे कमी की जास्त, हे विचारायचं राहून गेलं. विचारायचं राहिलं नाही खरं तर. धीर झाला नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

मोजायला काही नाही. सकाळी सातला हातमोजे घालायला निघालो होतो.

ही भिंतीवर बोटं चालवण्याचा व्यायाम करते. डावा हात खांद्याच्या वर जात नाही. म्हणाली, थोडं भरल्यासारखं वाटतंय. सिस्टर म्हणाल्याच होत्या, थोडी सूज राहील.

२५ फेब्रुवारी, बुधवार

काल दुपारी ही म्हणाली, हलले की आत डुचमळतं. मी हात लावून पाहिला. गरम पाण्याच्या पिशवीसारखं लागलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

आज डॉक्टरांनी सुई घालून काढलं. एक सिरिंज भरली, दुसरी भरली, सहावी भरली. तीनशे दहा. मी भिंतीला टेकून उभा होतो. डॉक्टर म्हणाले, एवढं साठतंय म्हणजे नळी लवकर निघाली. पंचवीसवर काढली असती तर असं सहसा होत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मोजमाप नीट झालं होतं ना?"

मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "त्यांचं नीटच होतं. थोडं मीच आधी ओतून टाकत होते. मला त्या नळीचा कंटाळा आला होता."

मग डॉक्टर हिच्यावर चिडले. शिकलेल्या बाईने असं करावं, जीव धोक्यात घालावा. ही खाली मान घालून ऐकत होती. मीही ऐकत होतो.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

हिच्याशी बोललो नाही. चहा ठेवला, गोळ्या ठेवल्या, भात ठेवला.

एकतीस वर्षांत मीटरशी चाळे करणारे मी किती पकडले. कोणी मीटर उलटा बसवायचं, कोणी मीटरच्या आधीच नळाला जोड काढायचं. घरात शिरल्याबरोबर यजमानाच्या चेहऱ्यावरून ओळखायचो. डोळ्यांत तेल घालून काम केलं म्हणून खात्यात नाव होतं. आणि माझ्याच घरात, माझ्याच वहीत, खोटे आकडे. तेही मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलेले.

एक गोष्ट कळत नाही. फुग्याचं बूच काढायला दोन हात लागतात. हिचा डावा उचलत नव्हता. बाथरूमपर्यंतही मी धरून न्यायचो. मग हिने ओतलं कधी?

विचारणार नाही. विचारलं तर बोलावं लागेल.

२८ फेब्रुवारी, शनिवार

पुन्हा भरलं. पुन्हा एकशे ऐंशी निघालं. आज दुसरी नळी घातली, तिथल्या तिथे, भूल देऊन. तरी बाहेर ऐकू आलं.

६ मार्च रद्द. पुढची तारीख नळी निघाल्यावर. डॉक्टरांना विचारलं, किती दिवस? त्यांनी हात पसरले.

१ मार्च, रविवार

सकाळी फुगा रिकामा केला. पेला कठड्यावर ठेवला, हात धुतले, चष्मा पुसला. तळाशी लाल रेघ. वहीत लिहिलं: ३०.

ही म्हणाली, "अहो, पंचाहत्तर आहेत."

मी म्हटलं, आता पुरे कर. पेला माझ्यासमोर आहे.

"इकडे आणा तो."

आणला. हिने उजव्या हाताने माझं बोट धरलं, हातमोजा काढलेलं, आणि पेल्यात सोडलं. तीसच्या कितीतरी वर बोट गार पडलं. पाण्याला लागलं होतं. लाल थराच्या वर पाणी होतं, पेल्याच्या काचेइतकं स्वच्छ, फिकट पिवळं. मला दिसत नव्हतं. बोट आत असताना, बोटाभोवती असतानाही मला ते दिसलं नाही.

मी पलंगावर बसलो. हिने बोलायला सुरुवात केली. एकोणीस तारखेच्या संध्याकाळी मी पेन आणायला गेलो तेव्हा हिने पेला पाहिला होता. नुसते त्या वेळचेच चाळीस होते. मी तेरा म्हणालो.

"तू बोलली का नाहीस?"

"दोन कारणं होती," म्हणाली. "एक तुमचं. तुम्ही इतक्या दिवसांत तेवढ्या एका गोष्टीवर उभे होतात. दुसरं माझं. मलाही ती नळी नकोच होती. मला वाटलं, एवढ्याने काय होणार आहे."

"आणि डॉक्टरांसमोर?"

"निम्मं खरंच होतं ते."

मी म्हटलं, निम्मं कसं? ही म्हणाली, कंटाळा आला होता हे निम्मं.

मला रडू आलं. गेल्या कित्येक वर्षांत आलं नव्हतं. हिने माझ्या पायावर हात ठेवला. मागच्या पानांवरचे आकडे आता खोडू की ठेवू? १६ तारखेचे साठही खोटे असतील. कुठपासून खोटे, तेही आता सांगता येत नाही.

२ मार्च, सोमवार

एकटाच हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरांना सांगितलं की चूक माझी. हिने काही ओतलं नव्हतं. मला दिसत नाही. हे तीन शब्द मी पहिल्यांदाच बोललो आणि ते इतके सोपे होते की लाज वाटली.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी विचारलं, या उशिराने किती बिघडलं? म्हणाले, "तीन आठवडे जातील. त्याने फरक पडेल की नाही, हे मला सांगता येणार नाही. कोणालाच येणार नाही." रागावले असते तर बरं झालं असतं.

डोळ्यांच्या विभागात पाठवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा पूर्ण पिकलेला. तिथल्या मुलीने विचारलं, इतके दिवस काय करत होता? मी म्हटलं, नोंदी ठेवत होतो. ती हसली. तिला विनोद वाटला. माझ्या ऑपरेशनची तारीख एप्रिलमध्ये.

६ मार्च, शुक्रवार

आज इंजेक्शनं सुरू व्हायची होती. दोघांनीही तो विषय काढला नाही.

एकूण ७०. ही वाचते, मी लिहितो.

ठमीला फोनवर खरं सांगितलं. ती म्हणाली, मी तिथे असते तर. हिने तिला मध्येच थांबवलं.

११ मार्च, बुधवार

२६. हिनेच वाचला, मोठ्याने, दोनदा. मी पेला हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला. काही कळलं नाही.

१२ मार्च, गुरुवार

२२.

हिला म्हटलं, खरंच ना? म्हणाली, "हो. आता खोटं बोलायची ताकद नाही."

१३ मार्च, शुक्रवार

दुसरी नळी निघाली. त्याच सिस्टर. खोल श्वास घ्या, सोडा. ही या वेळी ओरडली. मनगट धरायला दिलं होतं, पण हिने पलंगाची दांडी धरली.

इंजेक्शनं कधी? डॉक्टर म्हणाले, दहा दिवस जखम बघू. रोज दोनदा नीट तपासायची. लाली, सूज, गरमपणा, पू, कुठे उकललं आहे का. काही दिसलं तर लगेच यायचं. सिस्टरनी विचारलं, घरी कोण बघणार? ठमी येऊ शकत नाही. मी अगदी नाक लावून बघितलं तरी मला फक्त गुलाबी धुकं दिसतं, त्यात लाली कुठली आणि कातडी कुठली? सिस्टर वाट बघत होत्या. ही छताकडे बघत होती.

घरी आलो. चहा झाला. मी स्वयंपाकघरात कप विसळत होतो, तेवढ्यात हिने हाक मारली. "वही घेऊन या."

ही खिडकीशी उजेडात बसली होती. गाउनची बटणं स्वतःच काढलेली, एका हाताने, सगळी. ड्रेसिंग उचलून बाजूला ठेवलं होतं. अजून खाली पाहिलं नव्हतं. माझ्याकडे बघत होती.

"मी सांगते, तुम्ही लिहा," म्हणाली.

मी पेन उघडलं. हिने मान खाली घातली. पाच मिनिटं गेली असतील. मी हिच्याकडे बघू शकत होतो, पण मला काही दिसत नव्हतं. हिला दिसत होतं आणि बघवत नव्हतं. मी थांबलो.

मग हिने सांगायला सुरुवात केली, टेलिफोनवर नंबर द्यायची तशी, सावकाश, एकेक शब्द सुटा. मी लिहीत गेलो:

लाली नाही. सूज काखेपाशी थोडी. पू नाही. पट्ट्या चिकटलेल्या, टोकाची एक सुटली आहे. नळीचं भोक ओलं, पाणी स्वच्छ. व्रण आडवा, काखेपासून मधोमध हाडापर्यंत. पिनांचे ठिपके दोन्ही बाजूंनी, सरळ रेषेत.

इथे थांबली. मी विचारलं, झालं?

"नाही," म्हणाली. "डावीकडे काही नाही."

मी पेन थांबवलं. हे लिहायचं का, विचारलं.

"लिहा. आहे तसं लिहा."

डावीकडे काही नाही.